डिपरमधला डाग

जुना बल्ब काढला आणि एलईडी लावला की काम झालं, असं समजणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. बल्ब कोणीही लावेल. खरं काम त्यानंतर, भिंतीवर असतं. माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला मी पांढरा रंग मारून घेतलाय आणि तिच्यावर काळ्या टेपची एक आडवी रेघ चिकटवलीय. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा, डिपर, म्हणजे खाली पडणारा लाइट, लावायचा आणि प्रकाशाची वरची कड बरोबर टेपवर आणायची. कड टेपच्या वर राहिली तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो बिचारा खड्ड्यात जातो, आणि आपलं गिऱ्हाईक मात्र खूश, काय झकास लाइट पडलाय म्हणून! तशी गाडी मी बाहेर जाऊ देत नाही. त्यावरून भांडणंही झालीत. थोरली बहीण मला लहानपणापासून 'फ्यूज' म्हणते, ते काही मी गाड्यांची वायरिंग करतो म्हणून नव्हे.

त्या दिवशी गाडी तिचीच होती. ताई नर्स आहे. हॉस्पिटल शहराबाहेर, पाळी बहुतेक रात्रीची, रस्त्याला दिवे नाहीत आणि गाडी इतकी जुनी की हेडलाइट नुसते असायचे म्हणून असायचे. मागच्या आठवड्यात रस्त्यात बसलेलं कुत्रं तिला अगदी जवळ गेल्यावर दिसलं, तिने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्याखाली उतरली. हे तिने मला फोनवर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आई-वडील गेल्यावर मला तिने वाढवलंय. माझं असं म्हणायला दुसरं कोणी नाही.

"दुपारी घेऊन ये," मी म्हणालो. "ड्यूटीच्या आधी पांढरे बल्ब टाकून देतो."

ती आली, स्टुलावर बसली आणि मला कामाच्या सूचना देऊ लागली. बल्ब बसले. मी शटर खाली ओढलं, डिपर लावला, स्क्रू फिरवून कड टेपवर आणली. काम सुरेख झालं होतं. फक्त टेपच्या खाली, मधल्यापेक्षा जरा उजवीकडे, एक काळा डाग होता.

डाग म्हणजे खरं तर दोन पट्टे. जमिनीपासून सुरू होऊन शेजारी-शेजारी टेपपर्यंत गेलेले.

हे मला ठाऊक होतं. एलईडीचे दाणे बल्बच्या दोन बाजूंना असतात. बल्ब रिंगमध्ये फिरून बसला की दाण्यांची तोंडं वर-खाली होतात आणि प्रकाशात असा काळा डाग पडतो. घाईत काम करणाऱ्या पोरासोरांची ही चूक माझ्या हातून झाली, याचाच मला राग आला. मी दोन्ही बल्ब काढून सरळ बसवले. डाग तिथेच. मग मुद्दाम एक बल्ब वाकडा फिरवला. भिंतीवरचा सगळा प्रकाश तिरका झाला. डाग तिरका झाला नाही.

"अरे, आटप," ताई म्हणाली. "ड्यूटीला जायचंय मला, फोटो काढायला नाही."

मी डावा दिवा जाड फडक्याने झाकला. डाग जागच्या जागी. तो उघडून उजवा झाकला. तरी तिथेच. इथे मात्र मी थांबलो. गाडीला दिवे दोन. आड काही आलं तर सावल्या दोन पडायला हव्यात, एकेका दिव्याची एकेक, आणि एक दिवा झाकला की एक गेली पाहिजे. म्हणजे आड काही नव्हतं. मग भिंतच खराब असेल. मी माझी मोटरसायकल पुढे घेतली, तिच्यातही असाच एलईडी आहे. त्याच जागेवर प्रकाश टाकला. भिंत स्वच्छ, पांढरी.

राहता राहिला अप्पर. अप्परमध्ये प्रकाश टेपच्या वर जातो आणि अख्खी भिंत उजळते. मी गाडीच्या दाराशी उभा राहून आत हात घातला आणि अप्पर लावला.

भिंतीवर माणूस उभा होता.

ते दोन पट्टे त्याचे पाय होते. वर धड, मान, डोकं. सावलीच, पण कडा इतक्या रेखीव की कात्रीने कापून चिकटवावी. एक खांदा किंचित उतरलेला, त्यावर पर्स, आणि पर्सच्या पट्ट्यावर धरलेला हात.

"अगंबाई," ताई हसली. "हे कसं केलंस?"

मी तिच्याकडे वळलो. ती स्टुलावरून उठून माझ्या शेजारी, दिव्यांच्या मागे उभी होती. एक खांदा उतरलेला. हात पर्सच्या पट्ट्यावर.

"पर्स खाली ठेव," मी म्हणालो.

"काय?"

"ताई, ठेव म्हणतो ना."

तिने पर्स स्टुलावर ठेवली. भिंतीवरची पर्स खांद्यावरच राहिली.

मी काही बोलायच्या आत ताई जवळून बघायला म्हणून बॉनेटला वळसा घालून पुढे गेली आणि सरळ प्रकाशात जाऊन उभी राहिली.

प्रकाश अडला नाही.

तिचा पांढरा युनिफॉर्म लख्ख उजळला होता. दोन्ही दिवे तिच्या पाठीवर पडत होते आणि तिच्यासमोरची भिंत तशीच कोरी होती. टेपची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसत होती. ताईने एक हात वर केला. मग दुसरा. भिंतीवर काही हललं नाही.

"फ्यूज," ती म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "माझी कुठंय रे?"

मी धावत तिच्याजवळ गेलो. माझ्या दोन सावल्या धाडकन भिंतीवर चढल्या, एकेका दिव्याची एकेक. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. सावल्या माझ्या तेवढ्या होत्या. आणि उजवीकडे, पर्स घेतलेली ती.

मी शटर वर ढकललं आणि तिला ओढत बाहेर काढलं. उन्हात ताईच्या पायाशी सावली पडली, साधी, सगळ्यांची पडते तशी. ती बराच वेळ त्या सावलीकडे बघत राहिली. मी पुन्हा आत गेलो. एलईडी काढून मी तिचे जुने पिवळे बल्ब परत बसवले, ताई आत आल्यावर शटर ओढलं आणि अप्पर लावला. पिवळ्या प्रकाशात तो माणूस दिसेना. माझा जीव भांड्यात पडला. ताई न सांगताच पुढे जाऊन उभी राहिली.

भिंत कोरीच होती.

म्हणजे नवीन बल्बांनी काही केलं नव्हतं. कधीपासून कोण जाणे, या गाडीच्या उजेडात माझ्या बहिणीची सावली पडत नव्हती. मिणमिणत्या दिव्यांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

ताई नर्स आहे, माझ्याहून लवकर सावरते. तिने पर्स उचलली. "हे बघ, तिकडे आधीच्या पाळीच्या बाईला मोकळं करून मला कामावर लागायचंय. लाइट लागतायत ना? उद्या बघू तुझं हे."

"चावी दे."

"वेडा आहेस का?"

"चावी दे!" मी ओरडलोच. तिच्यावर मी असा कधी ओरडलो नव्हतो. मी तिच्या हातातून चावी हिसकावली. "या गाडीला तू हात लावायचा नाहीस. आजपासून गाडी माझी. तिच्यापायी जे काय व्हायचंय ते माझं होऊ दे!"

मी तिला मोटरसायकलवरून हॉस्पिटलात सोडलं. ती मागून माझा शर्ट घट्ट धरून बसली होती, लहानपणी सायकलवर मी तिचा धरायचो तसा.

सकाळी तिचा फोन आला. ड्यूटी संपली, मैत्रिणीने घरी सोडलं, आता झोपते. फोन ठेवल्यावर मी स्टुलावर बसून चक्क रडलो.

दुपारी ती स्वतःहून आली. "लाव ते पांढरे बल्ब," म्हणाली. "मला बघायचंय."

मी नको म्हणालो. ती ऐकेल तर ती ताई कसली! शेवटी बल्ब बसवले, शटर ओढलं आणि दाराशी उभं राहून अप्पर लावला. ताई बॉनेटला वळसा घालून पुढे गेली.

तिच्या दोन सावल्या भिंतीवर पडल्या.

"आली!" ती किंचाळली. "अरे, आली बघ!" तिने हात हलवले, दोन्ही सावल्यांनी हलवले. तिने बोटांचं कुत्रं केलं, भिंतीवर दोन कुत्री भुंकली. ती लहान मुलीसारखी हसत होती, आणि दाराशी कमरेवर हात ठेवून मीही हसत होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग ती भिंतीच्या उजव्या भागाकडे वळली.

"तो डाग मात्र गेला नाही रे," ती म्हणाली. ती अजून हसतच होती. "उलट पर्सबिर्स टाकून दिलीय त्याने. कमरेवर हात ठेवून उभाय बघ. अगदी तुझ्यासारखा."

मी हळूच कमरेवरचे हात खाली घेतले. भिंतीवरचे तसेच राहिले.