यकृतकेचा खोटा पत्ता

उद्या अकरा वाजता सातखणीच्या कड्यावर सुरुंग लागणार, हे डॉ. शालन तिरोडकरांना वर्तमानपत्रातून कळलं. वर्तमानपत्रातून! तीस वर्षं ज्या बाईनं त्या कड्यावर पोटावर सरपटत, डोळ्याला भिंग लावून शेवाळं नोंदवली, तिला साधा फोन करावा असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. शालनबाई तडक भूनिर्णय केंद्रात जाऊन थडकल्या.

“वालावलकर, त्या कड्यावर यकृतका आहे! जगात दुसरीकडे कुठेही नाही ती!”

यकृतका म्हणजे शेवाळाची चुलत बहीण. ओल्या कातळाला बिलगून राहणारी नखाएवढी हिरवी वनस्पती. केंद्राचे अभियंता वालावलकर शांतपणे म्हणाले, “मॅडम, खाणीला परवानगी मी देत नाही, निवाडक देतो.” त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “तो डोंगरावर जात नाही, सर्वेक्षकांच्या नोंदी वाचतो. दुर्मीळ रोप असेल तर नकार. ‘पाहणी झाली, काही नाही’ असेल तर होकार. आणि सातखणीला ‘काही नाही’ ही नोंद तुमचीच आहे. तुम्ही यकृतका बामणटेंबावर दाखवलीत. तो डोंगर आम्ही डोळ्यांत तेल घालून राखलाय.”

“अहो, बामणटेंबावर गवताशिवाय आहे काय? दुर्मीळ रोपाचा खरा पत्ता आम्ही लिहीत नाही, शेजारचा डोंगर लिहितो. नाहीतर औषधवाले आठ दिवसांत कातळ खरवडून नेतात. माझ्या गुरूंनीही हेच केलं!”

“निवाडकाला हे कसं कळणार?”

शालनबाईंचा चेहरा पडला. चूक त्यांचीच होती, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. “मग दुरुस्त करा!”

“दुरुस्ती म्हणजे खोटं लिहिल्याची कबुली. तुमचा विश्वासांक शून्य होईल. नवी नोंद तर घेतली जाणार नाहीच, पण जुन्या चार हजारही पुसल्या जातील. अख्खी हयात जाईल हो, मॅडम.”

“हयात गेली चुलीत! उद्या ती मेली तर नोंदींची काय पूजा घालू? निदान ती ‘काही नाही’ची नोंद तरी जाईल. पुसा!”

कबुलीवर त्यांनी अंगठा दाबला. एकेक नोंद पडद्यावरून जाऊ लागली, तशा त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या.

मग अक्षरं उमटली. ‘सातखणी: पाहणी झालेली नाही. पाहणीविना सुरुंग नाही. काम स्थगित.’ पाठोपाठ दुसरा डोंगर, तिसरा. बघता बघता चारशे बारा डोंगरांवरची कामं थांबली.

वालावलकर पडद्याकडे वळून ओरडले, “ताबडतोब पाहणी लावा! यकृतका ओळखणारे कोण आहेत?”

निवाडकानं उत्तर दिलं, ‘राज्यात एक. शालन तिरोडकर. विश्वासांक शून्य. अपात्र.’

“दुसरं कुणीच नाही?”

“कुठून असणार?” शालनबाई डोळे पुसत कडाडल्या. “मी निवृत्त झाल्यापासून तुम्ही सरकारी लोकांनी विद्यापीठातली माझी जागा अकरा वर्षं रिकामी ठेवलीत. शेवाळ शिकून कुणाचं भलं झालंय, म्हणालात! भरा आता. माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात.”