एकीचा नमुना

पिराच्या उरुसाचा मलिदा सहादेवअण्णांच्या घरी कुस्करायचा आणि त्यात पडणारा गूळ अब्दुलचाचांच्या घरून यायचा, हा गावचा जुना रिवाज. यंदा गूळ घेऊन आली चाचांची लेक नाझनीन. नगरला खालाकडे म्हणजे मावशीकडे वाढलेली, फार्मसी शिकून नुकतीच गावी परतलेली. उंबऱ्यात तिच्या हातून ढेप निसटली, ती थेट अण्णांचा मुलगा कल्याण याच्या पायावर.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग एका पायावर का उभे?"

"सवय हाय."

ती हसली... आणि कल्याणचा दुसरा पायही कामातून गेला.

परातीशी बसून दोघं पोळ्या कुस्करू लागले. तुपानं माखलेली बोटं एकमेकांना लागली. हात मात्र कुणीच मागं घेतला नाही.

"गूळ जास्त झाला वाटतं," ती म्हणाली.

"पिराला चालतंय."

"आणि तुम्हाला?"

"मला... नुसती परात दिली तरी चालंल."

पुढं नाझनीन स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये कामाला लागली आणि कल्याणची तब्येत ढासळली. रोज नवा आजार. एकदा गडबडीत त्यानं जंताचं औषध मागितलं.

"तुम्हाला, की बैलाला?" तिनं गंभीरपणे विचारलं.

"ज्याला जास्त दिवस घ्यावं लागंल, त्याला."

श्रावण असा मजेत चालला होता. पण शेजारच्या गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली आणि आपल्या गावची एकी जगाला दाखवायचं शांतता कमिटीनं ठरवलं. अध्यक्ष मच्छिंद्रमामांनी नमुनाही निवडला. राखीपौर्णिमेला दर्ग्यासमोर अब्दुलची नाझनीन सहादेवच्या कल्याणला राखी बांधणार. दोघांना सोडून सगळ्यांना विचारलं होतं. फ्लेक्ससुद्धा लागला.

"सांगा ना अण्णांना," नाझनीन मेडिकलच्या काउंटरवरून हळूच म्हणाली.

"उद्या समद्यांसमोर सांगतो. हातच पुढं करनार न्हाई."

"नक्की?"

"तुझी शपथ."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव लोटलं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून अण्णा आणि चाचा एकाच खुर्चीत अर्धे अर्धे बसले होते.

"लेकराला भन न्हवती रं," अण्णांनी डोळे पुसले.

"आता हाय की!" चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

कल्याणनं त्या खुर्चीकडं पाहिलं. एक जण उठला असता, तर दुसरा आपटला असता. त्यानं हात पुढं केला.

नाझनीननं राखी बांधली. टाळ्या पडल्या.

"फोटो हलला," पत्रकार म्हणाला. "परत एकदा घ्या."

तिनं गाठ सोडली. मनगट मोकळं झालं. तिनं कल्याणकडं पाहिलं... बराच वेळ पाहिलं. सगळं गाव तोंड बंद करून उभं होतं. बोलायला याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही.

कल्याणनं परत हात पुढं केला. आधीपेक्षा सरळ.

तिनं गाठ करकचून आवळली, त्याच्या तोंडात पेढा कोंबला आणि कॅमेऱ्याकडं तोंड केलं.

"हसा, दादा," ती म्हणाली. "आता हलू नका."