सभेआधी हरवलेल्या मोठ्या बाई

"माझी आई हरवली आहे," दारात उभा असलेला माणूस म्हणाला, आणि मास्तरांच्या हातातला टोस्ट चहात बुडाला तो बुडालाच.

माणूस चांगला चाळिशीचा, उंचापुरा, कोट घातलेला. पण चेहरा जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. मास्तर नुसते बघत राहिले. त्यांच्या बायकोने मात्र त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठून हरवली?"

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. अंगाने तेवढीच, आणि टोचायचीही तशीच. कोर्टात वर्षानुवर्षं साक्षी टिपून घेता घेता खोटं कसं बोललं जातं ते तिच्या कानात मुरलं होतं. नोकरी संपल्यावर तिने खाजगी तपासाची पाटी लावली. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक. पाटी त्यांनी रंगवली होती. तपासातला आपला वाटा तेवढाच, असं ते मोकळेपणाने सांगत.

"हॉटेलातून," तो म्हणाला. "आज दुपारी सभा आहे. सुईणींची जागतिक परिषद आपल्या शहरात भरवायची म्हणून आईने जिवाचं रान केलंय. बाहेरून तीन जणांची समिती आली आहे, शहर पाहून मत द्यायला. भाषण आई करणार होती. सकाळी सभागृहामागच्या खोलीत तयारी करत होती. मी फुलं आणायला गेलो, परत आलो तर खोली रिकामी. पर्स तिथेच, फोन तिथेच. औषधाची डबीसुद्धा! तिला साखरेचा त्रास आहे हो."

"पोलीस?"

"म्हणाले, मोठं माणूस आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघा."

टाचणीबाईने चपला चढवल्या सुद्धा. "अहो, उठा. चहा परत करता येईल."

हॉटेल चार गल्ल्या पलीकडे होतं. वाटेत मुलाने बाकीचं सांगितलं. त्याच्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणत. निम्म्या शहराला पहिला श्वास तिच्या हातावर मिळालेला. तरुणपणी परदेशात, या समितीच्या अध्यक्षांच्याच देशात, शिकून आलेली. इथलं सुईणींचं विद्यालय काही वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. परिषद मिळाली तर ते पुन्हा उघडायचं कबूल झालं होतं, आणि मोठ्या बाईंना तेवढंच हवं होतं.

"कुणाशी वाकडं?" टाचणीबाईने विचारलं.

मुलगा जरा घुटमळला. "संघटनेच्या सचिवांशी काल जोरात वाजलं. ते म्हणत होते, हा प्रस्ताव मागे घ्या, नाहीतर मी घ्यायला लावीन."

मास्तरांनी मनातल्या मनात सचिवाला बेड्या घातल्या.

सभागृहामागची खोली लहानशी होती. आरसा, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. पर्स खुर्चीवर, चष्म्याचं घर उघडं आणि रिकामं. झटापटीची खूण म्हणाल तर नावाला नाही. पुढच्या दारातला रखवालदार आणि मागच्या दारातला माणूस दोघंही मोठ्या बाईंना ओळखत होते, बाईंच्याच हातावर जन्मलेली पोरं दोघांच्या घरात खेळत होती. दोघांनीही बाई बाहेर पडल्याच नाहीत असं शपथेवर सांगितलं.

मॅनेजर घामाने निथळत होता. "बाई, कोठीघरापासून गच्चीपर्यंत सगळं धुंडाळलं. पाहुण्यांच्या तीन खोल्या तेवढ्या सोडल्या. समितीला काही कळलं तर आमची अब्रूच जाईल."

"समिती आहे कुठे?"

"दोघं जण शहर फिरायला गेलेत. अध्यक्षबाई खोलीतच आहेत, प्रवासाने थकल्यात. पायी फिरायचा कार्यक्रम त्यांनी कालच रद्द केला. पण काळजीचं कारण नाही. मघाशीच फळांचा गोड रस आणि बिनसाखरेचा चहा मागवला, म्हणजे तब्येत ठीक असणार. थंडी वाजते वाटतं त्यांना. एवढ्या उकाड्यात लांब ढगळ कोट घालून उतरल्या."

"काय एकेक लोक असतात," मास्तर म्हणाले.

टाचणीबाईचं लक्ष बाहेरच्या दालनातल्या तरुणाकडे गेलं होतं. तो सोफ्यावर ऐसपैस बसून मासिक चाळत होता.

"हा कोण?"

"दुभाष्या. अध्यक्षबाईंना फक्त त्यांचीच भाषा येते, म्हणून ठेवलाय."

टाचणीबाई त्याच्याजवळ गेली. "काम नाही वाटतं आज?"

"सकाळीच अध्यक्षबाईंनी दारातून सांगितलं, आज गरज नाही, आराम करा," तो खुशीत म्हणाला. "अशी नोकरी रोज मिळावी."

सचिव सभागृहात सापडले. बुटके, तापट, कपाळावर कायमची आठी. टाचणीबाईने कालच्या भांडणाचं विचारताच उसळले.

"हो, भांडलो! अजून दहा वेळा भांडेन! प्रसूतिगृहात बायका पाळीवर पाळी करून मेटाकुटीला आल्यात. परिषद आली की पाहुण्यांची उठबस कोण करणार? याच! म्हणून विरोध केला. तोंडावर केला. पण म्हणून मी म्हाताऱ्या बाईला पळवून नेईन? मला चोर ठरवायच्या आधी ते कपाट बघा!"

सभागृहाच्या दाराशी काचेचं कपाट होतं. पाहुण्यांना दाखवायला मोठ्या बाईंनी जुनी अवजारं मांडली होती: चांदीच्या मुठीची नाळ कापायची कात्री, नाळ बांधायचा दोरा, चिमटे. मधेच मखमलीवर एक लांबट खळगा रिकामा होता.

"तिथे लाकडी नळी होती," मुलगा म्हणाला. "पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची."

"काल रात्री होती, आज नाही," सचिव म्हणाले. "कुलूप शाबूत. आणि किल्ली एकाच माणसाकडे असते: धाकट्या बाईंकडे! मोठ्या बाई नसल्या की भाषण कोण करणार? धाकट्या बाई! मागच्या दाराशी दुपारी गाडी उभी करायला कोणी सांगितलंय? त्यांनीच! आता तुम्हीच काय ते समजा."

मास्तरांनी मनातल्या बेड्या सचिवाच्या हातातून काढल्या आणि धाकट्या बाईंच्या हातात घातल्या.

धाकट्या बाई व्यासपीठावर एकट्याच भाषण घोकत होत्या. पन्नाशीच्या, शांत, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. मोठ्या बाईंच्या हाताखाली त्यांचा सगळा जन्म गेला होता.

"मोठ्या बाईंना शेवटचं कधी पाहिलं?"

"सकाळी. चहाच्या वेळी."

"नळी तुम्ही काढलीत?"

त्यांनी गळ्यातला जुडगा मुठीत धरला. "पुसायला काढली होती. कुठेतरी ठेवली असेन."

"आणि गाडी?"

"पाहुण्यांसाठी. अजून किती वेळ लागेल तुमच्या शोधाला? सभेच्या आधी एवढी माणसं इकडेतिकडे धावलेली बरी दिसत नाहीत."

मुलाचा तोल गेला. "बरी दिसत नाहीत? माझी आई कुठे पडली असेल, तिची साखर उतरली असेल, आणि तुम्हाला दिसण्याचं पडलंय? तिने तुम्हाला सख्ख्या बहिणीसारखं वागवलं!"

धाकट्या बाईंनी मान वळवली. डोळे भरले होते.

मास्तरांनी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, आता काय राहिलंय? भाषणाचा मोह, किल्ली, गाडी. आणि थाप तर आंधळ्याला दिसेल अशी. धरायचं का?"

"थाप तर आहेच," टाचणीबाई म्हणाली. "पण अहो, चोराने चांदी सोडून लाकूड कशाला न्यावं?"

एवढं बोलून ती एकटीच जिना चढून वर गेली.

मास्तरांना ती वाट बघणं फार जड गेलं. मोठ्या बाईंचा मुलगा आईची औषधाची डबी मुठीत धरून भिंतीला टेकला होता. "लहानपणी रात्री-अपरात्री बोलावणं आलं की ती जायची," तो म्हणाला. "मी रडायचो. ती सांगायची, अरे, मी कुठे जाते ते ठाऊक असतं ना तुला? मग रडायचं नाही. आज पहिल्यांदाच ठाऊक नाही."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

टाचणीबाई खाली आली ती हलक्या पावलांनी. मॅनेजरला तिने गोड बोलून कामाला पिटाळलं. मुलगा, सचिव आणि धाकट्या बाई यांना मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"आधी महत्त्वाचं. तुमची आई सुखरूप आहे. औषधाची डबी मी मागायला आले आहे."

मुलगा मटकन खुर्चीत बसला. "कुठे आहे ती?"

"याच छताखाली. अध्यक्षबाईंच्या खोलीत. आणि हे तुम्हाला सांगायची परवानगी मी अध्यक्षबाईंकडून घेऊन आले आहे, नाहीतर माझ्या तोंडून शब्द निघाला नसता."

सचिवांची आठी प्रथमच विस्कटली. "तुम्हाला कळलं कसं?"

"नळीवरून. कपाट न फोडता ती काढली, म्हणजे किल्लीवालीनेच काढली. पण मोलाची कात्री तशीच. मग चोरी नव्हे, नळी वापरायला हवी होती. कशाला? बाळाचे ठोके ऐकायला. आता बाळंतपण असतं तर कात्री नाही तरी दोरा तरी उचलला असता. निदान आरडाओरडा होऊन दवाखान्याची गाडी आली असती. तसं काही नाही. म्हणजे बाळ यायचं नव्हतं, बाळ ठीक आहे ना एवढंच ऐकायचं होतं. इमारतीत कुणीतरी गरोदर बाई घाबरलेली होती."

"पण कोण?" मास्तरांनी विचारलं.

"उकाड्यात ढगळ कोट घालणारी. पायी फिरणं रद्द करणारी. मॅनेजरला वाटलं थंडी, थकवा. आणि तो दुभाष्या बघा ना. परक्या शहरात, भाषा येत नाही, अंगावर दुखणं, आणि ही बाई दुभाष्याला सुट्टी देते? म्हणजे तिची भाषा बोलणारं कुणीतरी खोलीत आहे. ती भाषा इथे कोणाला येते? तिच्या देशात शिकून आलेल्या मोठ्या बाईंना. शिवाय एका माणसासाठी गोड रस आणि बिनसाखरेचा चहा कोण मागवतं? रस एकीचा, चहा दुसरीचा. साखरेचा त्रास कोणाला, ते तुम्ही सकाळीच सांगितलंत."

"आणि यांनी थाप का मारली?" सचिवांनी धाकट्या बाईंकडे बोट केलं.

"तेच तर. इतक्या लोकांनी आज मला एकच प्रश्न विचारला: सापडल्या का? एकट्या यांनी विचारला नाही. विचारला तो, शोध कधी थांबणार. वाईट माणसाने काळजीचं सोंग तरी केलं असतं. यांना सोंगही जमलं नाही, कारण बाई हरवलेल्या नाहीत हे यांना ठाऊक होतं."

धाकट्या बाईंचा बांध फुटला. "सकाळपासून पोटात बाळ हललं नाही, म्हणून अध्यक्षबाईंनी मोठ्या बाईंना बोलावलं. मी नळी पोचवली. ठोके लगेच लागले, अगदी खणखणीत. गोड रस पाजून कुशीवर निजवल्यावर बाळाने लाथही मारली. पण अध्यक्षबाई हात सोडेनात. आधीची दोन बाळं गेलीत त्यांची. दोन्ही वेळा सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, म्हणून या वेळी कोणालाच सांगितलं नव्हतं. सभा सुरू झाली की मागच्या दाराने दवाखान्यात नेऊन तपासून घ्यायचं ठरलं होतं."

"आणि कळलं असतं तर," टाचणीबाई म्हणाली, "लोक म्हणाले असते, परीक्षकाची सेवा करून मत मिळवलं. शहराचा प्रस्ताव तिथेच बाद."

"मला तरी सांगायचं!" मुलगा कळवळून म्हणाला.

"तुमच्या आईनेच शपथ घातली. म्हणाल्या, माझ्या लेकाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

त्याला रडू आलं की हसू, ते मास्तरांना ठरवता आलं नाही. तो उठला आणि धाकट्या बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "मघाशी बोललो ते..."

"वेडा आहेस का?" त्या म्हणाल्या. "आई हरवली की माणूस बोलणारच."

लपवाछपवी तिथेच संपली. समितीतले दोघं परीक्षक फिरून येताच अध्यक्षबाईंनी त्यांना खोलीत बोलावून सगळं सांगितलं आणि या शहरापुरतं आपलं मत सोडून दिलं. मग मोठ्या बाईंच्या दंडाला धरून, कोटाची बटणं मोकळी सोडून, त्या पुढच्याच दाराने बाहेर पडल्या. गाडी मुलाने चालवली. डबी आईच्या हातात दिल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "गोळी घेतलीस का?" आणि तिने लहान पोरीसारखी मान खाली घातली.

सभागृह भरलं होतं. शहरातल्या, आसपासच्या, पाळी संपवून तशाच आलेल्या सुईणी. धाकट्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. समोरच्या एका परीक्षकाला सारं माहीत होतं, पण सभेची रीत म्हणून त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "भाषण मोठ्या बाई करणार होत्या ना? त्या कुठे आहेत?"

धाकट्या बाई म्हणाल्या, "बाईंना बोलावणं आलं."

त्या तीन शब्दांचा अर्थ तिथल्या एकाही बाईला समजावून सांगावा लागला नाही. जेवण अर्धं टाकून, पोराला शेजारी ठेवून, सणासमारंभातून उठून प्रत्येक बाई कधी ना कधी गेलेलीच होती. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं. धाकट्या बाई पाठ केलेलं बाजूला ठेवून बोलल्या: बंद विद्यालयाबद्दल, दमलेल्या बायकांबद्दल, नव्या हातांबद्दल. सचिव पहिल्या रांगेत बसून नाक शिंकरत होते.

दवाखान्यातून फोन आला तो मुलाचा. आई आणि अध्यक्षबाई दोघी ठीक. डॉक्टरांनी बाळाला उत्तम म्हटलं. मास्तरांनी फोन ठेवला आणि तिथल्याच पायरीवर बसले.

काही आठवड्यांनी निकाल लागला. दोन मतं होती, दोन्ही या शहराला. सचिवांनी त्याच दिवशी पाहुण्यांच्या उठबशीची कामं वाटून दिली, आणि त्यात प्रसूतिगृहातल्या एकाही बाईचं नाव घातलं नाही. चहा-पाणी, गाड्या, खुर्च्या, सगळीकडे त्यांनी सुईणींच्या नवऱ्यांना जुंपलं.

"आणि तुम्हाला पाट्या रंगवायला सांगितलंय," टाचणीबाई म्हणाली.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"भरपूर," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.