पंधराव्या गोष्टीचं उत्तर

कोकिळाबाई खोटं बोलत नसत. आयुष्यात त्यांच्या हातून एकच खोटं घडलं, आणि तेही खरं समजून.

ही हकीकत त्या एका खोट्याची आहे. ती घडलेली आहे. गावाचं नाव तेवढं देत नाही. हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या कालव्याकाठी ते गाव आहे, आणि यातली काही माणसं अजून तिथेच राहतात.

शनिवार, २० जानेवारी १९७९.

कोकिळाबाई पहाटे पाचला उठल्या. स्टोव्ह पेटवून चहा केला. कालची अर्धी भाकरी चहाबरोबर खाल्ली. पिशवीत सातवीच्या वह्या, टाचण्यांची डबी आणि एक जाड हस्तलिखित ठेवलं. पदराच्या गाठीत छोटी किल्ली आहे ना, हे दोनदा चाचपून पाहिलं. सात वाजून दहा मिनिटांनी त्या शाळेच्या फाटकात होत्या.

शिपाई प्रेमदास आवार झाडत होता. बाईंना पाहून त्याने खराटा काखेत घेतला.

"बाई, तुमच्या चोरायच्या गोष्टी वाचून माह्या पोट्ट्यानं परवा मलेच पकडलं. म्हणे, बाबा, तुमच्या मिशीले गूळ लागला आहे, डब्बा तुम्हीच खोलला!"

"मग? होता का लागलेला?"

"होता नं! तेच तं दुःख आहे."

बाई हसल्या. त्या दिवशीचं ते शेवटचं हसू.

सातवीच्या वर्गात खिडकीशेजारी एक फळा होता. वर ठळक अक्षरांत 'तूच शोध'. दर शनिवारी बाई त्यावर स्वतः रचलेली एक शोधकथा लावत. कोणाचं तरी काहीतरी हरवायचं, तीन-चार खुणा सापडायच्या, आणि शेवटी प्रश्न : चोर कोण? खाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला फट, कडीला कुलूप. मुलांनी आठवडाभरात आपल्या चिठ्ठ्या त्यात टाकायच्या. पुढच्या शनिवारी सकाळी बाई डबा उघडत.

उत्तराला एक गुण. कारणाला चार.

"कारणाशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे नुसता संशय," असं बाई सांगत. मुलांना ते वाक्य पाठ होतं.

वर्ध्याचा एक छापखाना यातल्या वीस गोष्टींचं पुस्तक काढणार होता. उत्तरं शेवटच्या पानांवर, उलटी छापलेली. हस्तलिखित जानेवारी संपायच्या आत पोचवायचं होतं. म्हणून ते रोज पिशवीत असे.

बाईंनी कुलूप उघडलं. चिठ्ठ्या मोजल्या.

वर्गात मुलं एकतीस. चिठ्ठ्या बत्तीस.

एकतीस चिठ्ठ्यांवर नावं होती. बत्तिसावीवर नव्हतं. शिसपेन्सिलीने लिहिलेली, उजवीकडे कललेली अक्षरं. उत्तर बरोबर. 'कारण' या शब्दाखाली दोन रेघा.

कागद हाताला दमट लागला…

बाई बराच वेळ त्या दोन रेघांकडे पाहत राहिल्या. अशा रेघा ओढणारी एकच मुलगी त्यांनी शिकवली होती.

ती मुलगी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

तिचं नाव देवका. आई आनंदाबाई कालव्याच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसायची. देवका पहाटे वाफ्यांना पाणी द्यायची आणि तशीच शाळेत यायची. पायांना चिखल असायचा, पण चिठ्ठी कधी चुकली नाही.

ऑगस्ट १९७७ मध्ये वर्गातलं भिंग हरवलं. पितळी मुठीचं, तळहाताएवढं. मुलांचा त्याच्यावर जीव होता. शनिवारी सकाळी बाई वर्गात आल्या तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर भिंग नव्हतं, आणि दारापासून खिडकीपर्यंत चिखलाची ओली पावलं उमटलेली होती.

आठ दिवस पाऊस उघडलेला होता. रस्ते कोरडे ठणठणीत.

"मुलांनो, आज खरीच गोष्ट सोडवू या," बाई म्हणाल्या. "पाऊस नाही. मग सकाळी सकाळी कोणाचे पाय ओले असतील?"

सगळा वर्ग वळला.

"देवका!"

देवका उभी राहिली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाई, कारण सांगू?"

"पुरावा समोर आहे," बाई म्हणाल्या. "आता कारण कशाला?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी डबा उघडला. त्यात देवकाची चिठ्ठी होती. ती बाईंनी न वाचता फाडली. चिठ्ठी टाकायलाच ती पोर सकाळी खिडकीपर्यंत आली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

देवका पुन्हा शाळेत आली नाही. दिवाळीत तिला कावीळ झाली. कार्तिक सरायच्या आत ती गेली. भिंग सापडलं नाही. पुढे बाईंनी नावं बदलून त्या प्रसंगाची गोष्ट केली. 'ओली पावलं'. हस्तलिखितात ती पंधरावी होती.

बत्तिसावी चिठ्ठी बाईंनी पर्समध्ये टाकली. कोणीतरी खोडी केली असेल, असं स्वतःला समजावलं. दुपारी सगळ्या वह्या काढून अक्षर ताडून पाहिलं.

एकाचंही जुळलं नाही.

त्या आठवड्यात सव्वीस जानेवारीच्या कवायतीची गडबड होती. बाईंनी नवी गोष्ट लावलीच नाही. रिकाम्या डब्याला कुलूप घातलं. गोष्टच नव्हती, तर उत्तर कशाचं येणार?

शनिवार, २७ जानेवारी.

बाईंनी सवयीने डबा उचलला. आत काहीतरी सरकलं…

एकच चिठ्ठी. दमट.

'बाई, पंधराव्या गोष्टीचे उत्तर चुकले आहे.'

बाईंच्या हातातून झाकण खाली पडलं. हस्तलिखित आजवर कोणी पाहिलं नव्हतं. गोष्टींचे अनुक्रमांकसुद्धा त्यांनी गेल्या आठवड्यात घातले होते. घरी, एकटीने.

अकराला शाळा सुटली. मुलं पांगली. प्रेमदास कुलूप घालायला आला, तेव्हा बाई खुर्चीतच होत्या.

"प्रेमदास, या खोलीत माझ्यामागे कोणी येतं का?"

तो घुटमळला.

"येत तं कोणी नाई, बाई. पण एक सांगू का? हसान नाई नं?"

"सांग."

"दोन शनवार झाले, सकाळी खोली खोलतो तं खिडकीपाशी ओल असते. मी म्हटलं, कौल गळत असन. मंग मनात आलं, पाणी कुठं आहे आता? आभाळात ढग बी नाई."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाल, कारण दे. माह्यापाशी कारण नाई."

खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवून बाईंनी त्याला घरी पाठवलं. दार आतून लावून घेतलं. कडी घातली. रिकामा डबा कुलूप लावून जागेवर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

बाहेर टळटळीत ऊन. दूर कुठेतरी तूर झोडपत होते, त्याचा ठेका येत होता. पलीकडच्या मळ्यात कालव्याच्या पाण्यावरचं इंजिन फटफटत होतं.

साडेअकरा.

बारा.

तूर झोडपायचा आवाज थांबला. माणसं जेवायला गेली असतील.

मग इंजिन थांबलं.

मग चिमण्या थांबल्या…

बाईंना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. त्या डब्यावरून नजर हलवत नव्हत्या. तिथे कोणी नव्हतं. फटीजवळ हात नव्हता, सावली नव्हती.

टप.

डब्याच्या आत. कागद पत्र्यावर पडतो तसा.

बाईंनी मान वळवली. कडी तशीच होती. आणि त्या लावलेल्या दारापासून, खुर्चीच्या अगदी शेजारून, खिडकीपर्यंत…

पावलं.

लहान. अनवाणी. ओल्या चिखलाची.

सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

किल्ली कुलपात जाईना. तिसऱ्या खेपेला गेली.

'कारण : शुक्रवारचा शेवटचा तास भूगोलाचा होता.'

शब्दाखाली दोन रेघा.

बाईंना आधी अर्थ लागला नाही. मग एकदम लागला.

ऑगस्टमधला तो शुक्रवार. शेवटचा तास. टेबलावर जिल्ह्याचा मोठा कापडी नकाशा पसरलेला. आंजी कुठे, नाचणगाव कुठे, म्हणत मुलं टेबलाभोवती गर्दी करत होती. अक्षरं बारीक, म्हणून बाईंनी भिंग काढून नकाशावर ठेवलं होतं. सगळ्यांत पुढे देवका होती. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी घाईघाईने नकाशा गुंडाळला, दोरी बांधली, कपाटावर ठेवून दिला. पुढच्याच आठवड्यात शाळेला नवा नकाशा मिळाला. जुना कोणी खाली काढला नाही.

नकाशा अजून कपाटावरच होता. धुळीने पांढरा झालेला.

बाईंनी टेबल ओढलं, वर चढून तो उतरवला. दोरीची गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी तोडली. नकाशा उलगडत गेला. सेलू, पवनार, वर्धा…

पितळेची मूठ दिसली.

काचेला ओरखडासुद्धा नव्हता.

एक विचार बाईंच्या मनात आला, आणि तो त्यांनी पुढे कधी लपवला नाही. भिंग पुसून टेबलाच्या खणात ठेवावं. पंधरावी गोष्ट काढून टाकावी, जागी दुसरी घालावी. विचारलंच कोणी, तर सापडलं म्हणावं. कोणाला कळणार होतं?

त्यांनी जमिनीकडे पाहिलं. पावलं वाळत चालली होती.

परत जाणारं अजूनही एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई मळ्यात गेल्या. आनंदाबाई वांग्यांत वाकली होती. धाकटी कुसुम टोपलीत सांबाराच्या जुड्या लावत होती. नऊ वर्षांची. बाईंना पाहताच ती आईमागे जाऊन उभी राहिली.

"या बाई," आनंदाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "भाजी पाह्यजे का?"

बाईंनी पदराखालून भिंग काढून तिच्यापुढे धरलं. मग सगळं सांगितलं. नकाशा, घंटा, दोरी. चिठ्ठ्यांचं मात्र सांगितलं नाही. आईला तेवढं ओझं द्यायला त्यांचं मन धजेना.

आनंदाबाईने भिंगाला हात लावला नाही.

"मले माहीत होतं, तिनं घेतलं नाई. आईले माहीत असते, बाई. पण गावाले कोण सांगन? हिले शाळेत पोट्टे चोट्टीची बहीण म्हणत. रांजणाले हात लावू देत नोते. मंग मी हिचं नाव काढलं."

बाईंनी भिंग परत पदराखाली घेतलं.

"तापात बी एकच बडबड होती देवकाची," आनंदाबाई म्हणाली. "कारण लिवलं नाई, माय, कारण लिवलं नाई. मी म्हणो, कशाचं कारण वं बाई? तं डोये लावून घे."

कालव्याचं पाणी वाफ्यात शिरत होतं.

"उद्या शाळेत येजा, आनंदाबाई," बाई म्हणाल्या. "कुसुमले घेऊन या. मले सगळ्यांसमोर बोलायचं आहे."

आनंदाबाई पुन्हा वांग्यांत वाकली.

त्या रात्री बाईंनी पंधरावी गोष्ट पुन्हा लिहिली. बदललेली नावं खोडून खरी घातली. छापखान्यासाठी एक प्रत, फळ्यासाठी एक.

सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांनी वर्ग उघडला, फळ्यावर गोष्ट लावली, आणि या खेपेला उत्तरही तिच्याखालीच लावलं, सुलट अक्षरांत. 'देवकाने भिंग घेतले नव्हते. ते बाईंनीच नकाशात गुंडाळले होते.' खाली स्वतःचं पूर्ण नाव. टेबलावर भिंग. मग खोलीला कुलूप घालून त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सात वाजता आनंदाबाई आली. डोक्यावर टोपली नव्हती, म्हणून वेगळीच वाटली. कुसुमचे केस तेल लावून घट्ट विंचरलेले होते. मुलं जमत होती, कुजबुजत होती.

"दोन मिनिटं थांबा," म्हणत बाईंनी कुलूप काढलं आणि एकट्याच आत गेल्या.

खिडकीपाशी फरशी ओली होती…

फळ्यावरचा कागद तसाच होता. फक्त उत्तराच्या खाली, बाईंच्या नावाच्याही खाली, शिसपेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता.

'कारण?'

दोन रेघा.

खोलीची किल्ली रात्रभर बाईंच्या उशाशी होती, आणि सकाळपासून पदरात. तो शब्द कोणी लिहिला, हे त्यांना आजही माहीत नाही. त्या कोणाला विचारतही नाहीत. ओल्या फरशीवरून चालायची वेळ आली, तर मात्र अजून वळसा घालून जातात.

उत्तर त्यांनी दिलं होतं. पण उत्तराला एकच गुण होता.

बाईंनी पेनचं टोपण काढलं. त्या शब्दापुढे लिहिलं :

'तिचे पाय चिखलाचे होते, आणि मला टाळ्या हव्या होत्या.'

शाई वाळेपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, कुसुमचा हात धरून तिला पहिल्या बाकावर बसवलं, आणि मुलांना आत बोलावून कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली.