अठरा आठवड्यांची नोंद

"तीस तारखेला पोरीनं लघवीची तपासणी केलीच नाही," शिंपीकाका म्हणाले. "ती दिवसभर माझ्या उशाशी होती. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी गेली होती. लघवीतले जंतू मूत्रपिंडात शिरले, तिथून रक्तात. बाळही गेलं.

वहिनींनी चष्मा पुसला. वीस वर्षं विमा कचेरीत दवाखान्यांचे कागद तपासून त्या आता स्वतंत्रपणे असलीच कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, गणिताचे निवृत्त मास्तर, सोबत असत. सगळा गाव त्यांना भाऊजीच म्हणे.

"भाऊजी, वाचा."

भाऊजींनी वाचलं. "दोन तारीख. बारा आठवडे. लघवीत जंतू, औषध सुरू. तीस तारीख. अठरा आठवडे. फेरतपासणी, जंतू नाहीत. पुढे पंधरवड्यानं सोनोग्राफी. गर्भ हिशेबापेक्षा दोन आठवडे मोठा, वीस आठवडे. प्रसूतीची तारीख बदलली." त्यांनी मान वर केली. "सगळं रीतसर दिसतंय, वहिनी."

"फारच रीतसर," वहिनी म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई उभ्यानंच बोलल्या. बाहेर पन्नास बायका खोळंबल्या होत्या.

"ती कंबर दुखते म्हणून आली. नोंदीत फेरतपासणी स्वच्छ होती. गरोदरपणात कंबर दुखतेच. आराम कर म्हटलं."

"फेरतपासणी तुम्ही पाहिली होती?"

"नोंद पाहिली."

"आठवडे कोण लिहितं?"

"सिस्टर."

सिस्टरनं खिशातून पुठ्ठ्याची गोल चकती काढून दाखवली. "पाळीची तारीख लावायची, चकती फिरवायची, आठवडे कळतात. सोनोग्राफीत तारीख बदलली तर तिथून पुढे नवी धरायची. बाई समोर असेल तेव्हाच लिहिते. मागची पानं कोण उघडतंय! मरायला फुरसत नाही."

"प्रयोगशाळेच्या वहीत तीस तारखेला तिचा नमुना नाही."

"बाहेरूनही करून आणतात की कितीतरी जणी."

रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या थप्प्यांमागे एक किडकिडीत बाई बसली होती. दुपारचे तीन वाजले तरी तिचा डबा उघडलेला नव्हता. प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. सगळे तिला कोडवाली म्हणत.

"आजार एकच असला तरी पहिल्या तिमाहीत कोड वेगळा, दुसरीत वेगळा," तिनं समजावलं. "मूत्राशयाचा वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा."

"तिमाही कशी कळते?"

"प्रसूतीची तारीख टाकली की संगणक कुठल्याही दिवसाचे आठवडे काढून देतो."

"आणि डॉक्टरांनी काही लिहायचं राहिलं तर?"

"चिठ्ठी पाठवून विचारायचं. आपल्या मनानं काही धरायचं नाही."

"उत्तर आलं नाही तर?"

तिनं समोरची थप्पी सारखी केली. "फाइल उघडी राहते. वरून बोलणी बसतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जमले. शिंपीकाका दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसले.

"भाऊजी, दोन तारखेला बारा आठवडे," वहिनी म्हणाल्या. "तीस तारखेला किती?"

"चार आठवडे झाले. म्हणजे सोळा..." भाऊजी थांबले. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला आणि ही बेरीज डोळ्यांखालून निसटली. त्यांचे कान तापले.

"नोंद अठरा म्हणते. जादा दोन आठवडे सोनोग्राफीत कळले, आणि सोनोग्राफी तर पंधरा दिवसांनी झाली. मग तीस तारखेला ते कुणाला ठाऊक असणार? नोंद मागाहून लिहिली आहे."



"चकतीनं सोळाच आले असते. सिस्टर मागचं पान उघडत नाहीत, डॉक्टर आठवडे लिहीत नाहीत. नवी तारीख टाकून जुन्या दिवसाचे आठवडे एकच जागा काढते." वहिनी कोडवालीकडे वळल्या. "तारीख बदलल्यानं पहिल्या तपासणीचे बाराचे चौदा झाले. तिमाही बदलली, कोड बदलायला फाइल तुमच्याकडे परत आली. तेव्हा तीस तारखेला ठरलेल्या फेरतपासणीची जागा रिकामी दिसली."

"मी तीनदा विचारलं होतं," कोडवाली पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी खण ओढला. तिन्ही चिठ्ठ्या तिथंच होत्या, न वाचलेल्या. त्या मटकन खाली बसल्या.

"मला वाटलं, तपासणी झालीच असेल, कागद यायचा राहिला असेल," कोडवालीला हुंदका फुटला. "कोडापुरतं लिहिलेलं कोण वाचणार होतं ते!"

"अशा किती फायली?" वहिनींनी विचारलं.

"साठएक असतील. कुठल्या, ते आता नाही सांगता येणार."

"मग सगळ्यांची फेरतपासणी करा. आजच."

"अधीक्षकांना लिहिते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बैठक पुढच्या महिन्यात आहे."

शिंपीकाका उठून कोडवालीसमोर उभे राहिले. "माझ्या मुलीचं नाव काय होतं, बाई?"

तिनं मान हलवली. "आम्हाला नंबर दिसतो, काका."

"मला वाटायचं, कुणीतरी तिच्या वाईटावर असेल," काका हळूच म्हणाले. "तेही परवडलं असतं. निदान तिला कुणी ओळखत तरी होतं, असं झालं असतं."

ते बाहेर पडले. भाऊजी पाठोपाठ धावले, सोडायला येतो म्हणाले. काकांनी नुसता हात हलवला आणि जिना उतरू लागले.

भाऊजी मागे वळले. बाकांवर भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या, मांडीवर फायली घेऊन. एकीनं कंबरेवर हात दाबून धरला होता. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि लघवीची पुन्हा तपासणी करून घ्या म्हणाले.

"झालीय की," ती म्हणाली. "फाइलमध्ये लिहिलंय." आणि तिनं फाइल छातीशी धरली.