ओल्या बाभळीचे ठोकळे

राहीबाईला धारेवाडीतून उचलायचं आणि साताऱ्याच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढ्यासाठीच सेहेचाळीस सालच्या वैशाखात ती मोटार मेढ्याहून कोयनेच्या रानात निघाली. हिरड्याच्या झाडावरून पडून राहीबाईची मांडी मोडली होती. चौघांनी डोलीतून आणायचा प्रयत्न केला, पण जरा हिसका बसला की तिची शुद्धच हरपायची! शेवटी तिला माघारी नेऊन निजवलं. मध्ये अठरा मैलांची गाडीवाट. वाट कसली, नुसते धोंडे!

मोटार तिच्या भावाची, लढाईवरून परतलेल्या मानसिंगची. मागं उघडा हौदा, पोट जमिनीला टेकलेलं, चाकं किरकोळ. मानसिंगनं लष्करी लिलावातले चार दांडगे टायर घरात आणून ठेवले होते, तेच चढवायचं ठरलं. बशीर मिस्त्रीनं छिन्नीनं मडगार्ड कापले, तरी टायर वर घासायचेच. मोटार चार बोटं उचलायला हवी होती. त्यासाठी कमानीचे पाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये ठोकळे घालून वरून पट्टे आवळायचे. पण लढाई संपली तरी जाड लोखंड मिळतंय कुठं?

"बाभळीचं चालत्याल," बशीर हरिबा सुताराला म्हणाला. "पर लाकूड पिकल्यालं पायजे हां, तात्या."

इथंच हरिबानं माती खाल्ली. पिकलेलं लाकूड त्याच्याकडं होतं. बापाचा ओंडका! त्यावर ठेवून दोन पिढ्यांनी बैलगाड्यांची चाकं तासली होती. तीस वर्षं मुरून तो लोखंडासारखा झाला होता. तो कापायला हरिबाचा हात धजेना. दाराशी आठ दिवसांपूर्वी तोडलेली ओली बाभूळ पडली होती. तिचेच चार ठोकळे त्यानं काढले आणि वरून काळं वंगण फासलं.

"पिकल्यालं हाय न्हवं?" मानसिंगनं विचारलं.

"लय जुनं हाय," हरिबा म्हणाला.

ओलं लाकूड उन्हात आक्रसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग सुताराला कळत नव्हतं होय! निघताना त्यानं करवत घेतली आणि तो ओंडकाही गोणपाटात गुंडाळून हौद्यात टाकला. बसायला घेतलाय, म्हणाला. मन खात होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

पहिले सहा मैल मोटार धोंड्यांवरून अशी चालली की मानसिंग खुशीत ओरडला, "तात्या, बगा की कशी पळतीया!" हरिबाला मान वर करवेना. पाणी घालायला थांबले की तो गुपचूप खाली वाकून बघायचा. भर दुपारी एका ठोकळ्याला नख जाईल एवढी चीर दिसली. आता सांगावं, असं त्याला वाटलं. पण इतक्यात मानसिंगनं गाडी सुरू केली आणि हा मुकाट वर चढून बसला.

खिंडीखालचा चढ लागला. उजव्या हाताला कडा, डावीकडं दरी. आणि कट्! मागचा आस पट्ट्यातून सरकला. मोटार तिरकी झाली!

"ब्रेक धरंना!" मानसिंग ओरडला.

मोटार मागं घसरली. दोन हात. चार हात! हरिबानं उडी टाकली. हाताला लागला तो धोंडा चाकामागं सारला. चाकानं तो दरीत उडवला! मग त्यानं हौद्यातला ओंडका ओढला आणि तो चाकाखाली कोंबला. टायर ओंडक्यावर चढला, करकरला आणि थांबला. मागं वीतभर जमीन उरली होती.

बशीर खाली शिरून बघून आला. पट्टे ढिले पडले होते. त्याचा चेहरा उतरला. "माजीच चूक. नट मीच आवळलं हुतं."

"तुला मिस्त्री कुणी केलं रं!" मानसिंग त्याच्या अंगावर धावला. बशीर खाली मान घालून उभा राहिला.

हरिबा गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. क्षणभर तो बसलाही. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"त्याला बोलू नगंस," तो म्हणाला. "लाकूड वलं हुतं. म्या खोटं बोललो. बापाचा वंडका कापवंना, म्हणून."

"राही माजी येकलीच भन हाय, तात्या," मानसिंग एवढंच म्हणाला. त्यापेक्षा चार ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हरिबाला वाटलं.

चाकांमागं मोठाले धोंडे रचून त्यांनी ओंडका मोकळा केला आणि तिथंच हरिबानं त्याला करवत लावली. लाकूड कसलं कापतंय! तळहाताचे फोड फुटले, मूठ रक्तानं बुळबुळीत झाली. जरा वेळानं बशीर समोर येऊन बसला आणि त्यानं ओंडका दाबून धरला. चारही नवे ठोकळे बसेपर्यंत ऊन कलायला आलं.

ते ठोकळे मात्र हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवताच्या गादीवर निजवून राहीबाईला खाली आणलं. तिचा जीव वाचला, पायही वाचला, पण थोडा आखूड राहिला. उशीर झाल्यानं की मुळातच, ते डॉक्टरालाही सांगता येईना. हरिबापुरतं ते उत्तर ठरलेलं होतं.

दिवाळीनंतर राहीबाई लंगडत त्याच्या दारात आली. "आवं तात्या, तुमच्या वंडक्यानं वाचलो आमी! मला येक काठी करून द्या."

ओल्या लाकडाचं तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ना मानसिंगनं, ना बशीरनं. हरिबानं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, वंगण फासल्याचंसुद्धा.

राहीबाई ऐकत राहिली. तिनं पायाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"व्हय?" ती म्हणाली. "मग काठी तरी पिकल्या लाकडाची करा."

हरिबा आत गेला आणि मुठीसाठी बापाच्या ओंडक्याचा उरलेला शेवटचा तुकडा घेऊन आला.