बारीक साखर, जाड साखर

"अय्या, माझ्यासाठी?"

खिडकीपलीकडचा तरुण घड्याळजी कानापर्यंत लाल झाला. रंगीत कागदात गुंडाळलेल्या बाटलीत त्याच्या सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना होता.

"रस्त्यात कुणाला दिसू नये म्हणून..."

प्रयोगशाळेतली ती तपासनीस तोंडाला पदर लावून इतकी हसली, की शेवटी तोही हसला.

आतड्यांच्या जुन्या सुजेने तो बेजार होता. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी यायचा, दोन साखरांचं पाणी प्यायचा आणि पाच तासांची लघवी जमवत बाकावर बसायचा. त्या काळी रिपोर्ट हातानेच लिहायचे. लिहिता लिहिता ती त्याच्याशी बोलायची.

"आतड्याचं अस्तर धड असलं की बारीक साखर आत शिरते, जाड अडते. अस्तर विरलं की जाडही घुसते आणि लघवीत उतरते. बारकीच्या मानाने जाड किती, ते मी बघते."

"म्हणजे माझी चाळण झालीय का ते!"

"बुजतील हो भोकं."

"बुजली की... तुम्हाला एक विचारायचंय. त्याआधी नाही. जेवणावरून तीनदा उठणाऱ्या माणसाने कुणाचा हात मागू नये."

एवढं बोलल्यावर विचारायचं काय उरलं? पण हट्टी होता. ती वर्षभर थांबली.

आणि एकदा रिपोर्ट झकास आला. डॉक्टर औषध कमी करतो म्हणाले. घड्याळजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर!

तिचा चेहरा मात्र उतरलेला. रक्ताच्या तपासणीत सूज होती तेवढीच होती. जाड साखरही तेवढीच. फक्त बारीक दुप्पट... कुठून आली?

"खरं सांगा, त्या दिवशी काही खाल्लंत?"

"छे! फक्त... च्युइंगम. एक." तो घुटमळला. "तीन. बिनसाखरेची होती हो!"

"अहो शहाणे, त्यात हीच बारीक साखर घालतात! भागाकार बिघडला सगळा. कुणी सांगितलं होतं?"

"उपाशी तोंडाला वास येतो... आणि तुम्ही नाव लिहून घेताना इतक्या जवळ वाकता—"

मग पेन उचलून तिने त्या झकास रिपोर्टवर आडवी रेघ मारली.

"औषध कमी करायचं नाही. मी डॉक्टरांना कळवते. सोमवारी पुन्हा तपासणी."

तो खांदे पाडून बसला. "म्हणजे विचारायचं राहिलंच."

"तुमच्या पोटाचे आकडे तुमच्याआधी मला कळतात," ती हळूच म्हणाली. "वाईटातले वाईट मीच लिहिलेत, या हाताने. घाबरून पळायचं असतं, तर केव्हाच पळाले असते ना?"

त्याने मान वर केली. "पण सोमवारी आकडा वाईट आला तर?"

"तर मऊ भात करीन. आणि बरा आला, तरी पहिल्या दिवशी मऊ भातच. मला दुसरं काही धड येत नाही... आता विचारताय, की मीच विचारू?"